राजा कायम

२८ जुलै २०२५ ला बाटुमीत दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा धाडच्या बसस्टँडवर अभिनंदन मी स्वीकारले. ती नागपूरची, मी धाडचा, विदर्भ एकच. नागपूर आमच्याहून रात्रभराच्या प्रवासावर आणि मराठवाडा शिवेला टेकलेला, असले भूगोलाचे मुद्दे त्या दिवशी काढायचे नसतात. निर्णायक रॅपिड डाव तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. ‘काळ्यानं अवघड असते,’ हे चहावाल्याला मी अशा सुरात सांगितले, की पटावर मीच होतो.

त्या भरात जवळच्याच एका रॅपिड स्पर्धेत नाव घातले. तयारी ‘फ्राइड लिव्हर’ या ओपनिंगची, म्हणजे तळलेल्या काळजाची. माळकरी घरात मोठ्याने उच्चारू नये असे नाव, पण हल्ला जबर.

ओपनिंगची तयारी म्हणजे आमच्या जिल्ह्यातली भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखायचा, अठरा धान्ये मांडायची, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची मातीची चार ढेकळे, त्यांवर घागर, तिच्यावर पुरी, पापड. पहाटे कोण कुठे सरकले ते बघून भाकीत. ढेकूळ भिजले तर त्याच्या महिन्यात पाऊस. राजाची म्हणून ठेवलेली पानसुपारी जागची हलली नाही तर राजा कायम. अंधश्रद्धा म्हणणारेही पेरणीआधी ती बातमी हळूच वाचून घेतात. फक्त भेंडवळला रात्री त्या शेतात कोणी फिरकत नाही. पटावर समोर माणूस बसलेला असतो.

माझ्यासमोर अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. पाचव्या खेळीला तिने घोड्याने माझे प्यादे मारायचे, असे माझ्या घटात होते. तिने दुसराच घोडा काठावर नेऊन माझ्या उंटावर घातला. भाकीत तिथेच संपले.

मी विचारात, आणि ती खिडकीकडे बघत. बाहेर वडील पिशवी घेऊन उभे. त्यांच्या गावाची शेवटची एसटी सहाची. ‘काका, खेळा ना,’ ती म्हणाली. थोड्याच वेळात मी डाव सोडला.

शेवटच्या फेरीला तिची खुर्ची रिकामी होती. सकाळची पहिली फेरी हारतुऱ्यांपायी दोन तास उशिरा लागली होती, आणि त्या भाषणांत ‘घराघरात दिव्या घडावी’ हेच चालले होते. अहो, घडली होती! तिला एसटी गाठायची होती, एवढेच.

तिच्या वाट्याचा गुण ज्याला बसल्या जागी मिळाला, तो तिसरा आला. बक्षिसाच्या फोटोत त्याच्या शेजारी मी आहे. ज्येष्ठ खेळाडू म्हणून मलाही पदक होते, आणि पुढच्या रांगेत शिरायला मी थोडे कोपर वापरले.