पगारवाढीचे पेढे

वसई पूर्वेला सातिवलीच्या गाळ्यांबाहेर, चहाच्या टपरीवर, पगाराबद्दल तक्रार एकच असते: वाढत नाही. वाढला म्हणून कुरकुरणारा एखादा भेटलाच, तर ओळखावे, याला ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, पुरती कळली आहे.

हिशेबच तसा आहे. २०१७ पासून या योजनेची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. तोवर कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, म्हणजे फार तर १५७ रुपये ५० पैसे. मालक सव्वातीन टक्के भरतो. बदल्यात बायकामुलांसह उपचार, आणि आजारपणात घरी बसावे लागले तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के. दोन मिसळींच्या पैशांत आणखी काय मागावे?

कारखान्याला ईएसआयचा कायदा लागू होतो दहा माणसांपासून. म्हणजे नऊजणांच्या गाळ्यात दहावा रुजू झाला, तर खरे म्हणजे त्याच्या नावाने नारळ फोडायला हवा.

आणि एके दिवशी शेठ खूश होऊन पगार २१,५०० करतो. घरी पेढे येतात. चालू सहामाही सरली की कपात थांबते, आणि तिच्या जोडीचा लाभकाळ संपला की विमाही जातो. पाचशे रुपयांत माणूस सुखवस्तू झाला, असे सरकारदरबारी ठरते; त्याच्या मूत्रपिंडांना मात्र कोणी कळवलेले नसते.

मग खासगी आरोग्यविम्याचा एजंट येतो. जुनी साखर असेल तर तिच्या उपचारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायचे. काही पॉलिसींत खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का; पाच लाखांवर दिवसाला पाच हजार. त्याहून हवेशीर खोली घेतली, तर डॉक्टरांच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री. म्हणजे ताप चढलेल्या माणसाने आधी त्रैराशिक सोडवायचे, मग आडवे व्हायचे. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे कवच आहे, आणि ते मोठा आधार आहे. पण आजारही यादीतला हवा आणि रुग्णालयही.

आजाराला पगारपत्रक वाचता येत नाही, ही खरी अडचण. तो २०,९०० वाल्याकडे जितक्या आपुलकीने येतो, तितक्याच २१,५०० वाल्याकडे. म्हणून शेठकडे पाचशेची वाढ मागूच नये. मागायची तर घरादाराच्या विम्याचा हप्ता निघेल एवढी मागावी. ते जमत नसेल, तर हात जोडून म्हणावे, ‘शेठ, यंदा राहू द्या.’