सीटवर कोण बसलंय?

सीटबेल्टच्या वायरिंगला माणूस कळत नाही, वजन कळतं. सीटमधल्या सेन्सरवर भार पडला आणि बकलमधल्या स्विचने ‘अडकलं’ असा निरोप दिला नाही, की बजर बोंबलतो. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या हळदीच्या मुलखात हे लवकर ध्यानात येतं. पुढच्या सीटवर हळदीचा कट्टा ठेवला, तरी बजर त्याला पट्टा लावायलाच सांगतो.

अमेरिकेत या प्रकाराने १९७४च्या मॉडेलांत कळस गाठला. आधी बसा, मग पट्टा लावा, मग चावी फिरवा. क्रम चुकला की स्टार्टर हलायचा नाही. किराणाच्या पिशवीलाही पट्टा बांधायची पाळी आल्यावर लोक खवळले आणि ऑक्टोबर १९७४मध्ये कायदा करून ही सक्ती काढावी लागली. त्या गाड्या हौसेने सांभाळणारे आजही आधी बॅटरी बदलतात, मग स्टार्टर खोलतात. दोष निघतो सीटखाली.

हट्ट्यातल्या जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरना ही व्याधी नाही. पुढच्या पट्ट्यांची सक्ती २५ मार्च १९९४पासूनच्या गाड्यांना. बजरची त्याहून कितीतरी नंतर, १ जुलै २०१९पासून. पट्टाच नाही तर बिघडणार काय?

बजर असलेल्या गाडीत तपास बकलपासून सुरू करावा. त्याच्या फटीत धूळ, सुपारीचं खांड, शेंगदाण्याची टरफलं आणि क्वचित हरवलेलं नाणं सापडतं. ते साफ करूनही आवाज थांबला नाही, तर सीट पुढे-मागे सरकवून पाहावी. सरकवताना बजर मध्येच गप्प होत असेल, तर रुळाखाली वायर चेपलेली असते किंवा कनेक्टरने कार्बन धरलेला असतो. अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासणं हे सर्वांत स्वस्त औषध, म्हणूनच ते सर्वांत शेवटी आठवतं.

घाईचा वायरमन मात्र सगळं ‘डायरेक्ट’ करून देतो. दुसरा इलाज बकलमध्ये नुसती क्लिप खोचण्याचा. ती विकणाऱ्या पाच ऑनलाइन बाजारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३मध्ये विक्री थांबवायला लावली.

सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला, तर टेस्ट लॅम्प खिशात ठेवावा. ती वायर एअरबॅगची किंवा पट्टा झटक्यात ताणणाऱ्या यंत्रणेची असते आणि तिच्या टोकाला दारू भरलेली असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबावं. एरवी चहाला निमित्त लागतं, इथे ते कंपनीच्या पुस्तकातच छापलेलं असतं.