चंद्राचा खर्च छापलेला असतो

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद टेकला, तेव्हा लासलगावला कांद्याचे लिलाव बंद होते. चार दिवस आधी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवले होते आणि त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी बोली थांबवली होती. अशा मुहूर्तावर आपल्याकडे दोन तट ठरलेले असतात. एक म्हणतो, इथे कांद्याला भाव नाही आणि यांना चंद्र सुचतोय. दुसरा म्हणतो, देशाची मान उंचावत असताना कांद्याचं रडगाणं लावणं हा करंटेपणा आहे. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण चंद्र आणि कांदा एकाच पाकिटातून खर्च मागतात, यावर मात्र दोघांचं एकमत असतं. या एकमताइतकी चुकीची गोष्ट त्या वादात दुसरी नसते.

आकडे पाहू. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी लागले. त्या वर्षी अंतराळ विभागाची अख्खी तरतूद साडेबारा हजार कोटींची आणि केंद्राचा अर्थसंकल्प ४५ लाख कोटींचा, म्हणजे शंभर रुपयांत अठ्ठावीस पैसे. एकट्या खतांच्या अनुदानाला त्याच अर्थसंकल्पात पावणेदोन लाख कोटी होते. उद्या इस्रोला कुलूप लावलं आणि श्रीहरिकोट्याचे प्लॉट पाडून विकले, तरी उन्हाळ कांद्याचा भाव क्विंटलमागे रुपयाने हलणार नाही. कारण त्या ऑगस्टमध्ये कांद्याचं घोडं पैशाअभावी अडलेलं नव्हतं. ते अडवलं एका अधिसूचनेने, आणि अधिसूचनेला कागद, शाई आणि सही यापलीकडे खर्च नसतो. उलट शुल्क म्हटलं की तिजोरीत चार पैसे येतातच. चंद्रावर जायला सरकारला पैसे मोजावे लागतात. कांदा जमिनीवर आणायला लागत नाहीत.

चंद्राचा हेवाच करायचा असेल तर पैशाचा करू नये, चौकशीचा करावा. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा लँडर कोसळला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली. दोन्ही अपघात एकाच महिन्यातले. इस्रोने आपला लँडर का पडला ते शोधलं, सॉफ्टवेअर बदललं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरण्याची जागा ऐसपैस केली. कांद्याच्या बाबतीत काय केलं? १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा निर्यातबंदी केली. मग २०२३ चं ते शुल्क, आणि त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी. एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांपुरती वाट काढून दिली. कांद्याचा रंग पाहून धोरण ठरवण्याइतकी सूक्ष्म दृष्टी तर चांद्रयानाच्या कॅमेऱ्यालाही नसावी. एवढ्या वेळा आपटूनही निर्यातधोरणाचे पाय मजबूत करावेत, असं कोणाला वाटलेलं दिसत नाही.

यावर अंतराळप्रेमी सांगतात की उपग्रह शेतकऱ्याच्याच कामाचे असतात. खरं आहे. इन्सॅटमुळे पावसाचा अंदाज कळतो. ‘चमन’ नावाच्या प्रकल्पात २०१४ पासून कांद्याखालचं क्षेत्रही आकाशातून मोजलं जातं. पण त्या मोजणीचा उपयोग कोणाला? कांदा किती येणार हे दिल्लीला आधी कळतं. ज्याच्या चाळीत तो पडलेला असतो त्याला अधिसूचना निघाल्यावर कळतं. विज्ञान दारात आलं म्हणून भागत नाही, याचा पुरावा खुद्द लासलगावात उभा आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये इथे विकिरण केंद्र सुरू केलं. २००७ मध्ये तिथून अमेरिकेला गेला तो आंबा. हापूसला परदेशाचा रस्ता सापडला. कांद्याला मुंबईच्या बंदरापुढे जायला अजून दिल्लीची मर्जी लागते.

खरा वजनदार आक्षेप शहरातल्या गिऱ्हाइकाचा आहे. हातावर पोट असलेल्याने ऐंशी रुपये किलोने कांदा घ्यायचा का? नाही घ्यायचा, आणि सरकारने त्याची काळजी केली तर त्यात गैर काही नाही. १९९८ मध्ये दिल्ली राज्याच्या सरकारला ती न केल्याचं फळ निवडणुकीत मिळालं होतं. पण गरिबाला स्वस्त कांदा देणं हे सरकारी काम असेल, तर त्याचा खर्चही सरकारी असायला हवा. २०२३ च्या त्या ऑगस्टमध्ये सरकारने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा घेऊ असं जाहीर केलं. त्याचा गुणाकार केला तर ४८२ कोटी होतात, चांद्रयानाहून कमी. हा सरळ मार्ग आहे: भाव देऊन घ्या, तोटा सोसून विका आणि तो तोटा अर्थसंकल्पात छापा. छापलेल्या खर्चावर भांडता येतं; चंद्रावर आपण भांडतो ते त्याचा खर्च छापलेला असतो म्हणूनच. निर्यात अडवून पाडलेल्या भावाचा खर्च मात्र कुठल्याच रकान्यात नसतो. तो निफाड, येवला, चांदवडच्या खळ्यांवर परस्पर वसूल होतो आणि संसदेत त्यावर कपातसूचना येत नाही, कारण कापायला आकडाच नसतो.

पडलेल्या भावाची नोंद करून देण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला, हाती १,०६४ रुपये आले, आणि ते त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवले. ती मनीऑर्डर न स्वीकारता परत आली.