आरक्षित पंचमांश

विंडोज एक्सपी ही २००१ सालची प्रणाली अद्यापि इमानाने वाहणारा एक वयोवृद्ध संगणक धाराशिवास माझ्या पदरी आहे, आणि त्याची आंतरजालगती मंदावल्याचा बोभाटा होताच गावातील प्रत्येक जाणत्याने आवाज उतरवून मला एकच गुपित सांगितले, की विंडोजच्या कंपनी सरकारने प्रत्येकाच्या जोडणीतील वीस टक्के हिस्सा परस्पर आपल्याकडे राखून ठेवला आहे. चौथाई, सरदेशमुखी आणि निजामाचा सारा यांच्या आठवणी जपणाऱ्या मुलखाला ही वार्ता पटावयास पुराव्याची जरुरी ती कसली? वस्तुतः तो पंचमांश म्हणजे, एखाद्या संगणकीय कार्यक्रमाने रीतसर मागणी केल्यास त्याला प्राधान्याने द्यावयाच्या वाट्याची कमाल मर्यादा. मागणी नसेल तेव्हा शंभर टक्के रस्ता सर्वांस खुला, आणि मागणी करूनही तो कार्यक्रम स्वस्थ बसला असेल, तरी त्याचा वाटा इतरांच्या उपयोगी पडतोच. परंतु खुलाशाने समाधान पावेल तो संशय कसला! तेव्हा विंडोजच्या ग्रुप पॉलिसी नामक खिडकीत शिरून वीसच्या जागी शून्य लिहिण्याचा विधी चहापानासह यथासांग पार पडला, संगणक पुनश्च सुरू झाला, आणि गती वाढल्याचा निर्वाळा उपस्थितांनी एकमुखाने दिला. लिंबाच्या फांदीवर झोके घेणाऱ्या टेलिफोनच्या तारेकडे मात्र कोणी मान वर करून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचे गृहस्थ आपलाही पंचमांश सोडवून देण्याची विनंती घेऊन आले. त्यांच्या घरी जोडणी अजून यावयाची आहे.