मेलात की पहिल्यापासून

'रोगलाइक' जातीच्या खेळाचा कायदा सोपा असतो. मेलात की पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे नव्याच नकाशात. 1980 च्या मूळ 'रोग'मध्ये राक्षस म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरे होती. अशाच खेळाला ॲनिमेचा थाट चढला, की नायकाचे केस वाऱ्याशिवाय उडतात, तलवार त्याच्याहून उंच असते, आणि वार करण्यापूर्वी वाराचे नाव ओरडून सांगावे लागते. तोवर शत्रू थांबतो, हा त्याचा चांगुलपणा. 'डेव्हिल मे क्राय'पासून (2001) वारांना रुबाबानुसार श्रेणीही मिळते.

उदगीरचा चाळिशी ओलांडलेला खेळाडू सूचना वाचत नाही. तो सर्वांत लांब तलवार उचलतो, नायकाला 'भाऊसाहेब' नाव देतो आणि 'डी' श्रेणी मिळवून मरतो. दोष माउसचा.

नावामागे इतिहास आहे. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी याच उदगिरात निजामाला नमवले. भाऊंच्या दिमतीला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, दौलताबादच्या किल्ल्यासह सुमारे 60 लाखांचा मुलूख मिळाला. या विजयानंतर उत्तरेची मोहीम भाऊंकडे आली. 14 जानेवारी 1761 ला पानिपत. नकाशा नवा, शत्रू नवा, उदगिरातली कमाई तिथे कामी आली नाही. आणि दुसरा डाव नव्हताच. किल्ला दाखवताना उदगीरकर पहिली लढाई तोफांच्या आवाजासह सांगतो. दुसरीपाशी आला, की चहा मागवतो.

'हेडीज' या रोगलाइकमध्ये (2020) मात्र मेलेला नायक घरीच परततो. बाप टोमणे मारतो, बाकीचे विचारपूस करतात, जमवलेले थोडेफार गाठीशी राहते. या खेळाला 2021 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. लातूरला 'नीट'च्या क्लासला गेलेली उदगीरची मुलेही घरी परततात, वर्षभराने पुन्हा परीक्षेला बसतात. त्यांना 'रिपीटर' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. गेल्या वर्षी शिकलेले त्यांच्या डोक्यात शाबूत असते, पण पाहुणे उंबऱ्यातच मार्क विचारतात. घरातल्या कुणालाही या पाहुण्यांना अडवावेसे वाटत नाही, हा संतापाचा भाग.

खेळाडूचा भाचा असाच रिपीटर. दुपारी पुस्तक मिटून तो शेजारी बसतो. "मामा, तो वाकला की मागं सरका की!" एरवी कुणाचेही न ऐकणारा मामा मुकाट्याने सरकतो आणि नायक चार श्वास जास्त जगतो.

शेवटचा बॉस मेला तरी असे बरेच खेळ संपत नाहीत. आणखी अवघड पातळी उघडते आणि डाव परत सुरू होतो. मामाकडे ही माहिती भाच्याकडूनच आलेली आहे.