नासकवण्याचे मालक

मराठी घरात दूध नासलं की आवाज खाली येतो. "नासलं वाटतं," असं कुणीतरी हळूच म्हणतं, मग त्यात साखर ढकलून वड्या थापल्या जातात आणि पाहुण्यांना त्यांचं मूळ कळू दिलं जात नाही. कामोठ्यात मात्र हल्ली दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक गृहस्थ असा निघतो, जो रविवारी सकाळी दोन लिटर चांगलं म्हशीचं दूध मुद्दाम नासवतो आणि वर घरभर ओरडतो, "फाटलं! फाटलं!"

त्यांना आपण चीजकाका म्हणू. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी फोर्टात, रोज सकाळी मानसरोवर स्टेशनातून हार्बरची गाडी. (नाव तिबेटातल्या सरोवराचं आणि जिना उतरलं की कामोठे. ज्याला याची सवय झाली, त्याला स्वतःच्या ओट्यावर फ्रान्स दिसू लागला तर दोष कुणाला द्यायचा?) २०२०च्या टाळेबंदीत बाकीचे लोक कॉफी घोटत होते, तेव्हा काकांनी लिंबू पिळलं. पुढे बनावट पनीरच्या बातम्या येऊ लागल्या. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पदार्थ पनीर म्हणून खपवतात, हे वाचल्यावर छंदाचं व्रत झालं.

काकांचं दैवत म्हणजे बुर्सँ. लसूण आणि हिरवा पाला घातलेलं मऊ, ताजं फ्रेंच चीज. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅस सिलिंडर घेऊन आलेल्यालाही, ते त्याची जन्मकथा ऐकवतात. नॉर्मंडीच्या फ्रांस्वा बुर्सँ यांनी १९५७ साली आपलं चीज काढलं. १९६१मध्ये एका वर्तमानपत्रानं छापलं की बुर्सँनी लसणाचं चीज आणलंय. ते आणलं होतं बुर्सो नावाच्या प्रतिस्पर्ध्यानं. पेपरवाल्यांनी नावात गल्लत केली. पण लोक लसणाचं चीज मागत दुकानात येऊ लागले, तेव्हा बुर्सँनी दोन वर्षं खटपट करून १९६३ साली ते खरोखरच बाजारात आणलं. "आणि कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ कधीचा? तोही १९६३चाच!" इथे काका थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उजळतंय का ते बघतात. सिलिंडरवाला पावतीवर सही मागतो.

कृती तशी साधी आहे. काकांच्या हातात ती तशी राहत नाही. दूध पंच्याऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवायचं, आच बंद करून पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा सोडायचा. आम्लता पुरेशी वाढली की केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना दूर ढकलायचं सोडतात आणि गळ्यात गळे घालतात. हे 'गळ्यात गळे' सांगताना काका हातवारे करतात, त्यामुळे एकदा पातेलं कलंडलं होतं. तापमान मोजायला त्यांनी सुरुवातीला टाळेबंदीतलं, कपाळावर रोखायचं पिस्तूल वापरलं. ते यंत्र माणसाच्या तापासाठी असतं. त्रेचाळीसच्या आसपास त्याची मजल संपते. उकळत्या दुधावर रोखल्यावर पडद्यावर 'हाय' अशी अक्षरं उमटली आणि काकांना क्षणभर वाटलं की यंत्रानं नमस्कार केला.

रेनेटचा अध्याय काकूंपुढे काढू नये. पारशी लोकांचं 'टोपली नु पनीर' काकांनी एका लग्नात खाल्लं होतं. छोट्या टोपलीत बसवलेलं, खरवसासारखं थरथरतं आणि आपल्याच पाण्यात ठेवलेलं. ते लिंबानं होत नाही, त्याला विरजणासारखं रेनेट लागतं. बुरशीपासून केलेलं शाकाहारी रेनेट काकांनी मागवलं. टोपल्या मिळेनात म्हणून पनवेलच्या बाजारातून चार छोट्या रोवळ्या आणल्या. आणि दूध घेतलं कुठलं, तर महिनोन्महिने टिकणाऱ्या खोक्यातलं! ते इतकं कडक तापवलेलं असतं की त्यातली इतर प्रथिनं केसिनला चिकटून बसतात आणि रेनेटला नीट काम करू देत नाहीत. काकांनी रात्रभर वाट पाहिली. सकाळी रोवळीतून दूध दुधासारखंच वाहून गेलं. त्या रोवळ्यांत आता काकू तांदूळ धुतात, म्हणजे रोवळ्यांचं तरी भलं झालं.

हिरव्या पाल्याच्या बाबतीत मात्र काकांना मानलं पाहिजे. थाइमच्या चिमूटभर सुक्या पानांसाठी महागामोलाची बाटली आणावी लागे. एकदा गॅलरीतल्या कुंडीतली ओव्याची पानं चुरगळून त्यांनी नाकाशी नेली आणि ते ओरडलेच. थाइमला ज्या थायमॉलचा वास, तेच द्रव्य आपल्या ओव्यात असतं. तेव्हापासून काकांच्या चीजमध्ये ओव्याची पानं, लसणाची पात, कोथिंबीर, भरड मिरी आणि मीठ जातं. मलमलच्या फडक्यातून पाणी निथळलं की, वजन न ठेवता, मऊ असतानाच हे सगळं कालवायचं. चव खरंच चांगली लागते. साताऱ्याकडच्या त्यांच्या आई ते भाकरीवर घेऊन खातात आणि म्हणतात, "चक्क्यात लसूण घातलाय व्हय? बरा झालाय." चक्का विरजणाचा आणि हे लिंबाचं, हा फरक काकांनी तीनदा समजावला. चौथ्यांदा आईंनी भाकरी पुढे केली.

इथवर सगळं ठीक होतं. पण चीजकाकांची खरी ओळख चीज ही नव्हेच. दोन लिटर दुधाचं चीज निघतं साधारण चारशे ग्रॅम, आणि ते रविवार संध्याकाळपर्यंत संपतं. उरतं ते पाणी, दीड लिटरच्या पुढे. आईंच्या भाषेत नासकवणी. दर आठवड्याला दीड लिटर, म्हणजे महिन्याला सहा. काका ते फेकू देत नाहीत. आधी कणीक त्यातच भिजली. मग भात, आमटी, थालीपीठ. मग फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या, कारण तहानलेल्या मुलानं दोनदा चुकीची बाटली तोंडाला लावली होती. तुळशीला घातलं तर तुळस पिवळी पडली. आंबट पाणी ते, रोज थोडंच सोसणार? २०१६मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, कामोठे तिच्यात गेलं, घंटागाडीत ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा झाला. नासकवणी ओल्यापेक्षाही ओलं, ते कशात टाकायचं हे कुणी सांगितलेलं नाही.

मग काकांनी रिकोटाबद्दल वाचलं. चीज काढून उरलेलं पाणी पुन्हा तापवून इटलीत जे करतात ते रिकोटा. नावाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'. सहा लिटर साठवलेलं पाणी मोठ्या पातेल्यात चढलं, तासभर गॅस जळला, आणि फडक्यावर जमलं जेमतेम चमचाभर. कारण सोपं होतं. रिकोटा होतं ते रेनेटच्या पाण्याचं. दूध नव्वद अंशांपर्यंत तापवून लिंबानं फाडलं की पाण्यातली प्रथिनंही बहुतेक पहिल्याच खेपेला चीजमध्ये जाऊन बसतात. काकांनी तो चमचा बशीत घेऊन सगळ्यांना दाखवला. आईंनी तो गायीला द्यायला सांगितला.

शेवटचा उपाय वाटपाचा. दुसऱ्या मजल्यावरचा तरुण व्यायामशाळेत जातो आणि वे प्रोटीनचे डबे विकत आणतो. "अरे, वे म्हणजे हेच! तू पूड घेतोस, मी तुला मूळ देतो," म्हणत काकांनी त्याच्या हातात बाटली ठेवली. त्यानं नम्रपणे विचारलं, "काका, प्रोटीन किती यात?" हिशेब झाला. त्याच्या डब्यातल्या एका स्कूपाइतकं प्रोटीन हवं तर यातलं निदान चार लिटर पाणी प्यावं लागलं असतं. तरुण बाटली घेऊन गेला आणि त्यानंतर लिफ्टऐवजी जिना वापरू लागला.

खालच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांचं, त्यांना नुसतं खालचे म्हणू, प्रकरण वेगळं. काका फडकं गॅलरीच्या ग्रिलला टांगत, रात्रभर टपटप. खालच्यांनी गळती समजून सोसायटीचा प्लंबर आणला. त्यानं वरचा नळ, मोरी, ड्रेनेजचा पाइप सगळं तपासलं, बोट लावून थेंब चाखला आणि "साहेब, हे दही आहे," असा निर्वाळा दिला. भांडण होणार होतं. काकांनी चीजचा एक डबा आणि पाण्याची एक बाटली घेऊन खाली जाऊन माफी मागितली. बुर्सँची गोष्टही सांगितली, तीही पूर्ण.

आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. डबा चार दिवसांनी आला, त्यात शंकरपाळे होते. बाटली मात्र आली तीन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी, काका ग्रिलला फडकं बांधत असताना. खालचे स्वतः दारात उभे होते. बनियनवर पांढरे शिंतोडे, हाताला लसणाचा वास, चेहऱ्यावर ते ओळखीचं तेज. त्यांनी बाटली पुढे केली. तोंडापर्यंत भरलेली, हिरवट पिवळी.

"दोन लिटरचं केलं आज," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला उपयोग असेल."