स्वावलंबी गृहस्थ आणि त्यांचं जाकीट

११ सप्टेंबरला, विनोबांच्या जयंतीला, गागोदे बुद्रुकला जी पाहुणेमंडळी येतात त्यांत एक तरी स्वावलंबी गृहस्थ असतोच. त्याला हुडकायला नाव-गाव विचारावं लागत नाही. ‘जय जगत’ची घोषणा होईपर्यंत थांबायचं. बाकीच्यांचे हात सरळ डोक्यावर जातात. ह्याचा हात खांद्याच्या उंचीला येऊन अडतो आणि पुढचा प्रवास हाताऐवजी जाकीट करतं. कॉलर कानाला लागते, शेवटचं बटण बेंबीच्या वर जातं आणि सदऱ्याचा एक चुरगळलेला पट्टा जगाचा जयजयकार करायला बाहेर पडतो.

जाकीट त्याने स्वतः शिवलेलं असतं. हातशिवण. मशीनबद्दल त्याचं मत आहे, तसं ते सगळ्याबद्दलच आहे. ‘‘मशीन वाईट नाही हो, पण तिला घाई फार.’’ नेहरू जाकिटाला बाह्या नसतात, म्हणून ते त्याच्या मते अर्धवट वस्त्र. ते पूर्ण करावं म्हणून त्याने बाह्या लावल्या आणि तिथेच घात झाला.

सुती खादी आटते. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात घालावं, वाळवावं आणि मग कात्री लावावी, हे घरातली कोणतीही बाई सांगेल. त्यालाही सांगितलं होतं. पण दुसऱ्याने सांगितलेलं ऐकणं हे त्याच्या हिशेबी परावलंबन. जाकीट अंगाबरोबर बेतलं, पहिल्या धुण्यात ते आटलं आणि बाह्या दंडाला अशा बसल्या की रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सनं पट्टा न बांधताच आकडा सांगावा.

आता तो अडलाय हे त्याच्या तोंडून कधी ऐकू येणार नाही. सैल बाही म्हणजे कापडाची उधळपट्टी, असं तो म्हणतो. एसटीत वरच्या दांडीला हात पोहोचत नाही, तेव्हा तो समोरच्या सीटची पाठ धरून ‘‘पाय घट्ट रोवले की दांडी कशाला लागते?’’ असं शेजाऱ्याला विचारतो आणि पुढच्या वळणावर त्याच शेजाऱ्याच्या मांडीवर बसतो. विनोबांच्या तसबिरीला हार घालायची विनंती झाली की हार चटकन एखाद्या शाळकरी पोराच्या हातात देतो. ‘‘नव्या पिढीला संधी द्यायला हवी.’’ सगळे टाळ्या वाजवतात. तोही वाजवतो, टाळी पोटाच्या उंचीला वाजत असल्यामुळे तिला अडचण नाही. जेवताना मात्र लपवता येत नाही. आमटीभाताचा घास तोंडाकडे अर्ध्यावर येतो, तिथून पुढे तोंडालाच खाली यावं लागतं.

विनोबांचा दाखला त्याच्या खिशातच असतो. विनोबा ह्या गावात १८९५ साली जन्मले, तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीत त्यांनी सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावरच गुजराण करण्याचा प्रयोग केला. हा प्रयोग स्वावलंबी गृहस्थ इतक्या तपशिलाने सांगतो की तकली जणू ह्यानेच फिरवली असावी. एक गोष्ट मात्र तो सोयीने गाळतो. १९५१ पासून तेरा-चौदा वर्षं ज्या माणसाने देशभर पायी फिरून जमीन मागितली, त्याने धोतर आणि अंगावर पांघरलेलं वस्त्र एवढ्यावर भागवलं, बाह्यांची भानगडच ठेवली नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही बघा. डोळ्यांची आखणी करायला बसलेला माणूस गंजीफ्रॉकवर असतो. ज्याला खरोखर हात चालवायचा असतो तो बाहीशी भांडत नाही.

एकदा ह्याने दुरुस्तीही स्वतःच केली. काखेत काचतं ना, मग काखेतलंच कापड कापायचं, असा सरळ हिशेब. मुंढा दोन बोटं खाली उतरवला. काचणं थांबलं, पण हात आता पहिल्यापेक्षाही कमी वर जायला लागला. इथे शिवणकामाची मोठी गंमत आहे. मुंढा जितका काखेच्या जवळ, तितका हात मोकळा. तो खाली गेला की बाही बरगडीपाशी धडाला जखडली जाते आणि हात उचलायचा म्हणजे अख्खं धड उचलायचं. भोक मोठं केलं की मोकळीक वाढते, ही समजूत फक्त ज्याने कधी बाही जोडली नाही त्याची असते. किंवा ज्याने एकदाच जोडली, त्याची.

शेवटी बायकोने त्याला ‘‘सहज जाऊन येऊ’’ म्हणत पेणमधल्या एका शिंप्याकडे नेलं. शिंप्याने टेप काढलीच नाही. ‘‘काका, हात वर करा बघू.’’ काका बोलत राहिले, हात वर गेला नाही. शिंप्याने काखेतली शिवण चिमटीत धरली, आतून दाब किती सोडलाय ते बघितलं (काहीच सोडला नव्हता, उधळपट्टी!) आणि म्हणाला, ‘‘मुंढ्याला आता हात लावू नका. काखेत चौकोन घाला.’’

युक्ती जुनी आहे. अंगरख्याला, कुडत्याला असा तुकडा असायचाच, कारण हातमागाच्या कमी पन्ह्याचं कापड सरळ पट्ट्यांत कापायचं आणि अंग फिरेल तिथे कळी भरायची, अशीच ती बेतणी. बाहीची खालची शिवण आणि बगलेची उभी शिवण जिथे भेटतात, तिथे दोन्हीकडे थोडं उसवायचं आणि त्या फटीत चारेक इंचांचा चौकोन टोकावर उभा करून बसवायचा. एक कोपरा बाहीकडे, एक कमरेकडे. कापड तिरपं पडल्यामुळे ओढ आली की ते जरा ताणतं, आणि हात खाली असताना तुकडा काखेत घडी होऊन दिसतही नाही.

आता कापड कुठलं? नवी खादी घालावी तर तीही आटणार, शिवाय रंगात फरक. शिंप्याने जाकीट उलटं केलं, आतल्या मोठ्या खिशावर खडूने दोन चौकोन आखले. ‘‘हा खिसा जाकिटाबरोबरच आटलाय. हाच चालेल.’’

‘‘ठीक आहे, मी घरी सवडीने करतो,’’ स्वावलंबी गृहस्थ म्हणाले. शिवायला दुसऱ्याकडे टाकणं शक्यच नव्हतं. शिंप्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मान हलवली. व्यवहार तिथेच संपला.

सवड काही सापडेना. मग एका दुपारी काका वामकुक्षीत असताना बायकोने शिवण उसवली, खिसा काढला, दोन चौकोन कापले आणि त्या घाईच्या मशीनवर, कोपऱ्यांना दोनदा टीप मारून, काका कूस बदलायच्या आत बसवले. इस्त्री केली. खुंटीला टांगलं. बोलली काहीच नाही, कारण बोललं तर मग प्रवचन ऐकावं लागतं.

पुढच्या जयंतीला काकांनी जाकीट चढवलं, छत्री घ्यायला हात वर केला आणि हात गेला. सरळ गेला. दोनदा करून बघितलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, समाधान होतं.

‘‘बघ, मी म्हणत नव्हतो? खादीला वेळ द्यावा लागतो. ती हळूहळू माणसाशी जुळवून घेते.’’

‘‘हो ना,’’ बायको म्हणाली. ‘‘चला, एसटी चुकेल.’’

एसटीत त्याने वरची दांडी धरली. शेजाऱ्याला आपणहून हात वर करून दाखवला, मग पुढच्या सीटवरच्या दोघांना दाखवला. विषय अर्थातच स्वावलंबन. तेवढ्यात कंडक्टर आला. काकांनी दांडी न सोडता दुसरा हात ऐटीत जाकिटात घातला, पैशांसाठी, आतल्या खिशात. मग दांडी सोडून दुसऱ्या बाजूने घातला. मग दोन्ही हातांनी छाती, बरगड्या, पाठ असं सगळं चाचपलं. हात आता कुठेही पोहोचत होते.

‘‘काका, लवकर.’’

बायकोने पर्समधून नोट काढली. ‘‘एक अर्धं, एक पूर्ण द्या,’’ ती कंडक्टरला म्हणाली.